चालू कार्यक्रम तोडायचा नाही

वाहिनीला तीस वर्षं पूर्ण होत आली, तेव्हा तिचा इतिहास पडद्यावर दाखवायचं ठरलं. इतिहास सांगणार कोण, तर घड्याळबाई. दुसरं कुणी उरलंच नव्हतं. जुन्या माणसांपैकी काही वर गेली होती आणि काही मोठ्या वाहिन्यांत गेली होती, आणि या दोन्ही ठिकाणी गेलेलं माणूस मागे वळून बघत नाही.

घड्याळबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. कोणता कार्यक्रम किती वाजता लागला, किती वाजता संपला, मध्ये पडदा काळा राहिला तर किती सेकंद, हे सगळं नोंदवहीत लिहिणं हे त्यांचं काम. परवाना टिकवायचा तर ही वही लागतेच. वर्षातून एकदा सरकारी माणूस येतो, चहा पितो, चार पानं उलटतो आणि सही ठोकून जातो. त्याच्या त्या चार पानांसाठी घड्याळबाईंनी तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पडद्याकडे पाहिलं. लग्न केलं नाही. का, म्हणून कुणी विचारलं तर वेळच मिळाला नाही असं सांगत, आणि ऐकणारा हसला की त्यांना राग येई, कारण ती थट्टा नसे.

घरी त्या आणि त्यांची धाकटी बहीण, अशा दोघीच. बहिणीचा नवरा एकोणीस वर्षांपूर्वी पुरात गेला, तेव्हापासून ती मुलीला घेऊन ताईकडेच राहत होती; मुलगी आता लग्न होऊन सासरी गेली होती. नवऱ्याचा फोटो भिंतीवर नव्हता. होता तो तिनेच कपाटाच्या तळाशी जुन्या चादरींखाली कोंबून ठेवला होता. "टीव्हीवरची सूचना अख्ख्या गल्लीनं ऐकली, यालाच तेवढी ऐकू गेली नाही," असं ती म्हणे. "दोन वर्षं सोडली सोडली म्हणत होता. त्या दिवशी चोरून ढोसलीच असणार. नाहीतर उशाशी टीव्ही बोंबलतोय आणि माणूस झोपून राहतो?" हे ती भाजी चिरताना म्हणे, कपडे वाळत घालताना म्हणे, काही कारण नसलं तरी म्हणे. आणि घड्याळबाई ताटात मान घालून ऐकत. त्या दुपारी टीव्हीने वेळेवर काही सांगितलंच नव्हतं, हे जगात आता एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

ते बहिणीला सांगायचं, एवढं एकच काम त्यांच्या आयुष्यात उरलं होतं. तोंडावर सांगायची छाती नव्हती. दहा वेळा विषय काढला आणि दहाही वेळा तो गॅसच्या सिलिंडरवर नेऊन संपवला. महिन्याभराने निवृत्ती. मग इतिहासाचं निघालं आणि त्यांच्या मनात आलं, कॅमेऱ्यासमोर बसून सांगून टाकावं. बहीण आपली वाहिनी रोज बघते. ती ऐकेल, आपण शेजारी बसून राहायचं. ज्या पडद्याने खोटं सांगितलं त्यानेच खरं सांगू दे.

आता वाहिनीचा इतिहास म्हणाल, तर तो काही फार थोर नव्हता. मालकांनी ती रेडिओ दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत काढली. मनोरा पाण्याच्या टाकीवर. कॅमेरे दोन, त्यातला एक सदा आजारी, म्हणून तो नुसत्या पाट्या दाखवायला ठेवलेला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले होते. उन्हाळ्यात त्यांना वास सुटे आणि पाहुणे मालकांकडे संशयाने बघत. पहिल्या दिवशी दोन तास नुसती फुलदाणी दाखवली, कारण उद्घाटनाचे पाहुणे वाटेत जेवायला थांबले होते. लोकांनी फुलदाणीही बघितली. दुसऱ्या दिवशी तिघांनी येऊन विचारलं, आज फुलदाणी किती वाजता आहे.

मोठ्या वाहिन्यांकडे नट होते, इथे गावातलीच माणसं होती. एक न्हावी दर गुरुवारी पाहुण्याची दाढी करता करता त्याची मुलाखत घेई, आणि गळ्याशी वस्तरा असल्यामुळे पाहुणे सहसा थापा मारत नसत. पोहण्याचे मास्तर लाकडी बाकावर पालथे पडून हातपाय कसे मारायचे ते दाखवत. दोन निवृत्त शिक्षक बुद्धिबळ खेळत, रोज एक खेळी. तो डाव चौदा महिने चालला आणि बरोबरीत सुटला, तोवर दोघांचं बोलणं बंद झालं होतं. हवामान सांगणारी बाई खिडकीतून डोकं बाहेर काढून बघे आणि सांगे. सरकारी अंदाजापेक्षा तिचंच जास्त वेळा खरं ठरे.

हे सगळं चाले एका नियमावर. दुसऱ्या वर्षी एका रहस्यपटाची शेवटची पाच मिनिटं कापून पाणीपुरवठ्याची सूचना दिली होती. खुनी कोण ते कळलंच नाही. अर्ध्या तासात जिन्यावर माणसांची रीघ लागली, खिडकीची काच फुटली, खालच्या रेडिओवाल्याने दुकानाचं शटर ओढून घेतलं. शेवटी मालकांनी जिन्यात उभं राहून खुनी तोंडी सांगितला, तेव्हा कुठे लोक घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लाल रंगाने लिहिलं: चालू कार्यक्रम तोडायचा नाही. नवीन माणूस कामाला लागला की त्याला संडास कुठे आहे ते नंतर सांगत, हा नियम आधी. आपल्याकडे ना नट ना पैसा, मालक म्हणत, लावलेलं पुरतं दाखवतो एवढीच आपली अब्रू. घड्याळबाईंना ते नुसतं पटलं नव्हतं, हाडात मुरलं होतं.

वहीची पण एक रीत होती. तिच्यात दोन रकाने: सूचना आली, सूचना दिली. कुणाची सायकल हरवली, कुणाचं कुत्रं सापडलं, उद्या नळाला पाणी नाही, असा फोन आला की दोन्ही रकाने एकदमच भरून टाकायचे. कार्यक्रम संपला की सूचना जाणारच, मग दोनदा वही कशाला उघडायची? कुत्रं दहा मिनिटं उशिरा सापडलं म्हणून कुणाचं काय बिघडत होतं. सरकारी माणसाला ते कधी कळलं नाही, आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी दीड वाजता शाळांच्या प्रश्नमंजूषेची अंतिम फेरी थेट सुरू झाली. प्रश्न विचारायला स्वतः मालक, आणि एका संघाचा कप्तान मालकांचा बारा वर्षांचा मुलगा. चार दिवस पाऊस लागून राहिला होता. दोन वाजून दहा मिनिटांनी धरणाच्या ऑफिसातून फोन आला. दरवाजे उघडतोय, खालच्या गल्लीत अर्ध्या तासात पाणी शिरेल, लोकांना लगेच बाहेर पडायला सांगा.

घड्याळबाईंनी रीतीप्रमाणे लिहिलं. सूचना आली, दोन दहा. सूचना दिली, दोन दहा. मग पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत पाटी लिहिली आणि आजारी कॅमेऱ्यासमोर टेकवून ठेवली. आता समोरचं एक बटण दाबलं की प्रश्नमंजूषा जाऊन पाटी दिसणार होती आणि शेजारी बसलेला इंजिनियर ती माइकवर मोठ्याने वाचणार होता. बटण त्यांच्याच हाताशी होतं. इंजिनियरने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बटण दाबलं नाही. एका कागदावर मजकूर लिहून तो स्टुडिओच्या काचेला धरला. मालकांनी तो वाचला, अगदी नीट वाचला, आणि पुढचा प्रश्न विचारता विचारता डावा हात वर करून पंजा दाखवला. थांबा.

त्या थांबल्या. खालची गल्ली म्हणजे बहिणीची गल्ली, हे त्यांना माहीत होतं. बहीण वरच्या भागात शिवणाच्या कारखान्यात होती, तिची मुलगी शाळेत. पण मेहुणे रात्रपाळी करून सकाळी घरी येत आणि टीव्ही लावून झोपत. शांततेत झोप लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. हेही घड्याळबाईंना माहीत होतं. दहा मिनिटांत फेरी संपेल असं त्यांनी धरलं. मग बरोबरी झाली. मग जादा फेरी लागली. मग तीही बरोबरीत गेली. इंजिनियर एकदा म्हणाला, दाबू का? त्या म्हणाल्या, मालक थांबा म्हणालेत. दोन बावन्नला मालकांचा मुलगा जिंकला, टाळ्या झाल्या, चषक उंचावून झाला आणि मग पाटी लागली. तोवर पाणी गल्लीत शिरून सतरा मिनिटं झाली होती.

दोघं गेले. एक अंथरुणाला खिळलेली म्हातारी, आणि मेहुणे.

चौकशी लागली तेव्हा अधिकाऱ्याने वही मागवली. आदल्या संध्याकाळी मालक घड्याळबाईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. वहीत काय आहे, म्हणून त्यांनी विचारलं. दोन दहा, असं त्यांनी सांगितलं. मालक खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मग असू दे." तीन शब्दांत सगळं उरकलं. घड्याळबाईंनी जाणूनबुजून खोटं लिहिलं नव्हतं. जे खोटं ठरलं ते खोडलं नाही, एवढंच. हा फरक त्या एकोणीस वर्षं मनात घोळवत आल्या होत्या आणि त्याने एकदाही त्यांना धड झोप लागली नव्हती.

वाहिनीला मानपत्र मिळालं. वेळेवर इशारा देऊन शेकडो जीव वाचवल्याबद्दल. ते चौकटीत बसवून जिन्याच्या तोंडाशी लावलं. खरी गंमत गल्लीतल्या लोकांची. पहिल्या वर्षी विचारलं तर सांगत, पाणी दिसलं आणि पळत सुटलो. दुसऱ्या वर्षी, टीव्हीवर काहीतरी म्हणत होते बहुतेक. पाचव्या वर्षी त्यांना पाटीतला शब्द न् शब्द पाठ होता. एकाकडे तर त्या काळी टीव्हीच नव्हता, तोही ऐकल्याचं शपथेवर सांगू लागला. वाहिनीने दर वर्षी तेच दाखवलं आणि माणसांनी दर वर्षी तेच बघितलं. दुसरं काय व्हायचं होतं? एवढी माणसं ऐकून वाचली, मग एक धडधाकट माणूस का वाचला नाही, याला लोकांनीच कारण शोधलं, आणि ते बायकोच्या कानावर घातलं.

मालक वारले त्याला चार वर्षं झाली होती. इंजिनियर त्याही आधी गेला. वाहिनी आता मुलाकडे होती, म्हणजे धाकट्या मालकांकडे. न्हाव्याच्या जागी आता दिवसभर गाद्या आणि वजन कमी करायच्या चहाच्या जाहिराती चालत. एक मोठी कंपनी वाहिनी विकत घ्यायला निघाली होती. गाद्या त्यांच्याकडे भरपूर होत्या, त्यांना हवा होता लोकांचा विश्वास. इतिहासाचा घाट त्यासाठीच घातला होता, हे घड्याळबाईंना कळत होतं. आपल्याला काय त्याचं, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

मुलाखतीला धाकटे मालक स्वतः बसले. माणूस वाईट नव्हता, तेच तर अवघड होतं. त्यांनी घड्याळबाईंसाठी खुर्चीवर उशी ठेवायला लावली, पाणी आणून दिलं, आणि सुरुवातीला फुलदाणी, न्हावी, बुद्धिबळ असं विचारत विचारत हळूच त्या दुपारवर आले. घड्याळबाईंनी हात मांडीवर ठेवले आणि सांगायला लागल्या. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन आला. मी लगेच पाटी लिहिली. इथवर धाकटे मालक मान हलवत होते. पुढचं ऐकताना त्यांची मान हलायची थांबली. पाटी लागली ती दोन बावन्नला. तोवर दोघं बुडून मेले होते, त्यातला एक माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. वहीतली वेळ खोटी आहे. मानपत्र खोटं आहे. बटण माझ्या हाताशी होतं आणि मी ते दाबलं नाही.

धाकट्या मालकांनी घसा साफ केला.

"त्या वेळी कोणता कार्यक्रम चालू होता?"

"तुमचाच," घड्याळबाई म्हणाल्या. "प्रश्नमंजूषेची अंतिम फेरी. दोन जादा फेऱ्या झाल्या. तुम्ही जिंकलात."

तो चषक धाकट्या मालकांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात होता, ते रोज त्याच्याखाली बसून सह्या करत. त्यांचा चेहरा उतरला. घड्याळबाईंना त्यांची दयाही आली. बारा वर्षांच्या पोराचा यात काय दोष? मग ते उठले, त्यांनी घड्याळबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, तुम्ही हे सांगितलंत ते फार बरं केलंत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, त्याबद्दल घड्याळबाईंना पुढेही कधी शंका वाटली नाही.

चार दिवसांनी जिन्यात भेट झाली. धाकटे मालक म्हणाले, रविवारी संध्याकाळी सहाला लावतोय, तुमचं बोलणं घेतलंय, वेळेत बसवण्यासाठी जरा आटोपशीर केलंय. वेळेत बसवायचं म्हणजे काय, हे घड्याळबाईंना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. त्यांनी मान डोलावली. तीस वर्षं त्यांनी फक्त एवढंच पाहिलं होतं, की कार्यक्रम वेळेवर लागतो की नाही. त्यात काय कापलंय हे बघणं त्यांचं काम नव्हतं.

रविवारी बहिणीने साडेपाचलाच खुर्च्या मांडल्या. नवी साडी नेसली, शेजारच्या बिऱ्हाडात जाऊन आज आमची ताई टीव्हीवर येणार म्हणून सांगून आली. घड्याळबाईंना दुपारी जेवण गेलं नव्हतं. बहीण त्यांची थट्टा करत होती, की तीस वर्षं दुसऱ्यांची मिनिटं मोजलीस, आज तुझी मी मोजते.

सहाला कार्यक्रम लागला. फुलदाणी आली, न्हावी आला, बाकावरचे मास्तर आले. बहीण खो खो हसली. मग पाऊस दिसला, आणि पुराचं जुनं चित्रण, आणि मग घड्याळबाई स्वतः, उशीवर बसलेल्या, हात मांडीवर. "दोन वाजून दहा मिनिटांनी फोन आला," पडद्यावरच्या घड्याळबाई म्हणाल्या. "मी लगेच पाटी लिहिली." आणि त्या दिसेनाशा झाल्या. त्यांच्या जागी ती पाटी आली, अगदी तशीच नव्याने लिहिलेली, आणि मागे संगीत वाढत गेलं. मग गल्लीतली माणसं एकामागून एक सांगायला लागली, आम्ही टीव्हीवर ऐकलं, म्हणून वाचलो. एक लंगडा म्हातारा रडलाच. शेवटी पुन्हा घड्याळबाई दिसल्या, डोळे पुसताना. ते कशासाठी पुसले होते हे पडद्यावर कुणाला कळणार नव्हतं. प्रश्नमंजूषेचा शब्दही कुठे नव्हता.

घड्याळबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. सहा अठ्ठावीस. अजून दोन मिनिटं उरली होती, आणि ती वाहिनीने गाद्यांना दिली.

बहिणीने टीव्ही बंद केला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडूच होता. "बघितलंस? तो लंगडा म्हातारा ऐकून बाहेर पडला. दोन पाय धड असलेला माझा नवरा पडून राहिला. लाज वाटते मला, ताई. तू एवढं केलंस, आणि घरच्याच माणसानं ऐकलं नाही."

"त्यानं ऐकलं नाही, कारण आम्ही सांगितलंच नाही," घड्याळबाई म्हणाल्या.

आपण हे मोठ्याने बोललो, हे त्यांना बहिणीच्या चेहऱ्यावरून कळलं. मग त्या थांबल्या नाहीत. एकोणीस वर्षं दडवलेलं ते सगळं त्यांनी सांगितलं. फोन, वही, पाटी, काचेला धरलेला कागद, मालकांचा पंजा. मुलाखतीत सांगितलं होतं, धाकट्या मालकांनी ते कापलं, असंही म्हणाल्या. सगळं संपल्यावर बहिणीने विचारलं, "किती वेळ?"

"बेचाळीस मिनिटं."

"आणि बटण कुठे होतं?"

"माझ्या हाताशी."

"घरी कोण झोपलंय ते तुला माहीत होतं."

"हो."

बहीण खुर्चीत बसली. घड्याळबाईंना वाटलं होतं, ती किंचाळेल, निदान रडेल. ती साडीच्या निऱ्यांवरून हात फिरवत राहिली, जणू काही सांडलंय आणि ते पुसायचंय.

"प्यायला होता की नाही?" तिने विचारलं.

"मला नाही गं माहीत."

"मला माहीत आहे," बहीण म्हणाली. "सकाळी कामाला निघताना मीच चहा दिला. तोंडाला वास नव्हता. पहिल्या दिवसापासून मला माहीत आहे, ताई. पण टीव्हीवर सांगितलं होतं ना सगळ्यांना. मग तो का नाही उठला, याला मी दुसरं कारण कुठून आणू? म्हणून पिऊन पडला होता म्हणत राहिले. लोकही तेच म्हणत होते. पोरीच्या सासरी मीच सांगितलं, हिचा बाप दारुडा होता. आणि तू इथे, या खुर्चीत बसून ऐकत होतीस. रोज. एकदा तरी मला गप्प बस म्हणायचंस."

मला भीती वाटली, असं घड्याळबाईंना म्हणता आलं असतं, पण ते एकोणीस दिवस टिकलं असतं, एकोणीस वर्षं नाही. त्या बहिणीचा हात धरायला पुढे झाल्या. बहिणीने हात मागे घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. बहिणीनेच उचलला. जुन्या गल्लीतली शेजारीण होती. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. बघितलं आम्ही सगळ्यांनी, काय छान बोलल्या ताई, आमच्या घरातली पोरं त्यांच्यामुळे आज आहेत. बहीण ऐकत राहिली. "हो," ती म्हणाली. "हो, माझीच बहीण. आहे ना, इथेच आहे, देते हं." आणि तिने फोन घड्याळबाईंच्या हातात ठेवला. "घे. तुझं कौतुक आहे."

मग ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. कपाट उघडल्याचा आवाज आला. जुन्या चादरी जमिनीवर पडल्याचा आवाज आला. शेजारीण फोनवर सांगत होती, आमचे हे म्हणतात, तुमचा पुतळाच उभारायला पाहिजे. आणि दारापलीकडून बहिणीचा आवाज येत होता, बारीक, कुणाला तरी समजावून सांगावं तसा.

"तुम्हाला कुणी उठवलंच नाही हो. मला काय माहीत. मला कुणी सांगितलंच नाही. तुम्ही नुसते झोपला होतात हो."

शेजारीण बोलायची थांबली होती. घड्याळबाई ऐकताय ना, म्हणून विचारत होती.

"ऐकतेय," घड्याळबाई म्हणाल्या. "आभारी आहे."